मवाळ नेता आणि कणखर पक्ष

(टेंभुर्णी, जि. सोलापूर येथे झालेल्या व्याख्यानाची संहिता)



मराठीत ‘मवाळ’ हा शब्द कौतुकाने उच्चारला जात नाही. एखाद्याला मवाळ म्हटले की त्याच्या कण्याविषयीच शंका घेतली, असा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात उमटतो. या शब्दाला हा रंग चढला तो १९०७ च्या सुरत काँग्रेसपासून. त्या वर्षीचे अधिवेशन आधी नागपूरला भरायचे होते. नागपुरात टिळकांच्या पक्षाचे बळ मोठे, म्हणून मवाळ धुरीणांनी ते सुरतेला हलवले. वादाच्या मुळाशी मोठे मतभेद होते, परंतु ठिणगी पडली ती अध्यक्ष कोण व्हावा या प्रश्नावरून. जहालांना लाला लजपतराय हवे होते, मवाळांनी डॉ. रासबिहारी घोष यांचे नाव पुढे केले. २७ डिसेंबरला टिळक बोलण्यासाठी मंचावर गेले, त्यांना परवानगी नाकारण्यात आली, गोंधळ माजला, जोडा भिरकावला गेला आणि अधिवेशन उधळले. मवाळांचा अध्यक्ष झाला खरा, पण ज्या सभेचे त्याने अध्यक्ष व्हायचे, ती सभाच जागेवर राहिली नाही. दुभंगलेली काँग्रेस पुन्हा एकत्र येण्यास १९१६ चे लखनौ अधिवेशन उजाडावे लागले.

सुरतेची आठवण येथे काढण्याचे कारण आजच्या विषयात आहे. निश्चित विचारावर उभ्या असलेल्या, कार्यकर्त्यांच्या निष्ठेवर चालणाऱ्या पक्षात मवाळ प्रकृतीच्या माणसाला सर्वोच्च पदाची उमेदवारी मिळू शकते का? मिळाली तर ती कोणत्या अटींवर? आणि तिची किंमत कोण मोजतो?

उमेदवारी ही काय चीज आहे, हे माढा लोकसभा मतदारसंघातील श्रोत्यांना सांगण्याची गरज नाही. २००८ च्या पुनर्रचनेत हा मतदारसंघ निर्माण झाला आणि २००९ मध्ये शरद पवार येथून लोकसभेत गेले. २०२४ मध्ये भारतीय जनता पक्षाने विद्यमान खासदार रणजितसिंह नाईक-निंबाळकर यांनाच पुन्हा उमेदवारी दिली, तेव्हा धैर्यशील मोहिते-पाटील पक्षातून बाहेर पडले, पवारांच्या पक्षाकडून उभे राहिले आणि निवडून आले. उमेदवारीचा निर्णय बैठकीत होतो. त्या निर्णयाने घर जोडले गेले की फुटले, हे मतमोजणीच्या दिवशी कळते. सुरतेत तेच झाले होते. एका तालुक्याला लागू पडणारा हा नियम देशाच्या राजकारणालाही लागू पडतो.

मुंबईची पहिली भेट

भाजपच्या इतिहासात मुंबईची तीन अधिवेशने वळणाची ठरली. १९८०, १९९५ आणि २००५ या तीन वर्षांत या प्रश्नाची तीन वेगळी उत्तरे मिळाली आणि तिन्ही महाराष्ट्राच्या भूमीवर मिळाली.

६ एप्रिल १९८० रोजी दिल्लीत पक्षाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरअखेर मुंबईत वांद्र्याला पहिले महाअधिवेशन भरले. अध्यक्षपदी अटलबिहारी वाजपेयी होते. माजी न्यायमूर्ती महंमद करीम छागला पाहुणे म्हणून आले आणि त्यांनी या पक्षात काँग्रेसचा पर्याय पाहिला. जनसंघाची परंपरा आणि जनता पक्षाचा अनुभव यांची सांगड घालण्याचा तो प्रयत्न होता. पक्षाने ‘गांधीवादी समाजवाद’ आपल्या पंचनिष्ठांमध्ये समाविष्ट केला. राजमाता विजयाराजे शिंदे यांच्यासारख्या ज्येष्ठांना हे रुचले नाही आणि त्यांनी आपला आक्षेप लपवला नाही. ‘समाजवाद’ या शब्दाशी जन्मभर भांडलेल्या कार्यकर्त्याने तो आता आपल्या फलकावर कसा लिहायचा, हा प्रश्न शाखाशाखांतून, गावोगावच्या कार्यालयांतून विचारला जात होता.

१९८४ च्या डिसेंबरमध्ये उत्तर मिळाले. लोकसभेत पक्षाचे दोन खासदार निवडून आले, एक गुजरातेतील मेहसाण्याहून आणि दुसरे आंध्रातील हनमकोंड्याहून. स्वतः अटलजी ग्वाल्हेरला माधवराव शिंदे यांच्याकडून पराभूत झाले. इंदिरा गांधी यांच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीच्या लाटेत काँग्रेसने चारशेचा आकडा ओलांडला होता. त्यामुळे सारा दोष मवाळ भूमिकेच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. परंतु पराभवाच्या चिंतनात कार्यकर्त्याने एक गोष्ट मनोमन नोंदवली. लाट आली तेव्हा सहानुभूतीदार वाहून गेले, हे समजण्यासारखे होते. पण आपला हक्काचा मतदारही आपल्याला ओळखेनासा झाला, हे बोचणारे होते. १९८५ मध्ये पक्षाने दीनदयाळ उपाध्याय यांचा एकात्म मानवदर्शनाचा विचार पुन्हा मूलभूत तत्त्वज्ञान म्हणून स्वीकारला आणि १९८६ मध्ये लालकृष्ण अडवाणी अध्यक्ष झाले.

येथे एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. मवाळपणा दोन प्रकारचा असतो. एक स्वभावाचा, दुसरा विचाराचा. पहिल्यात माणूस आपले मत सोडत नाही, ते मांडताना समोरच्याचा मान राखतो. दुसऱ्यात मतच पातळ होते. १९८० मध्ये नेता पहिल्या प्रकारचा होता, परंतु पक्षाने त्याच्यासोबत दुसऱ्या प्रकारचा मवाळपणाही अंगी घेतला. कार्यकर्त्याने अटलजींना नाकारले नव्हते. त्याला खटकला होता तो उसना शब्द.

कणखरपणाचे यश आणि त्याची कमाल मर्यादा

पुढची सहा-सात वर्षे अडवाणीजींची होती. जून १९८९ मध्ये पालमपूर येथे राममंदिराचा ठराव झाला. त्याच वर्षी शिवसेनेशी युती झाली. १९८९ च्या निवडणुकीत पक्ष ८५ जागांवर पोहोचला. २५ सप्टेंबर १९९० रोजी सोमनाथहून रथयात्रा निघाली, २३ ऑक्टोबरला समस्तीपूर येथे ती अडवण्यात आली आणि १९९१ मध्ये पक्षाचे १२० खासदार झाले. दोनावरून १२० हा प्रवास सात वर्षांत झाला आणि तो संयत भाषेने झाला नव्हता, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु ६ डिसेंबर १९९२ नंतर चित्र पालटले. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान आणि हिमाचल प्रदेश येथील पक्षाची सरकारे गेली. १९९३ च्या विधानसभा निवडणुकांत दिल्ली जिंकली, राजस्थानात सत्ता राखता आली, पण मध्य प्रदेश आणि हिमाचल हातचे गेले आणि उत्तर प्रदेशात समाजवादी पक्ष व बहुजन समाज पक्ष एकत्र येऊन सत्तेवर बसले. पक्षाचा जनाधार आटला नव्हता, पण त्याला कुंपण पडले होते. शिवसेनेखेरीज जवळ येण्यास कोणी तयार नव्हते. बहुमतासाठी २७२ लागतात आणि एकट्याच्या बळावर तेथे पोहोचण्याचा मार्ग त्या काळी कोणालाही दिसत नव्हता.

आपल्या शक्तीची मर्यादा ओळखणे हे शक्तिमान माणसाला सर्वांत कठीण जाते. अडवाणीजींनी ती ओळखली.

मुंबईची दुसरी भेट

नोव्हेंबर १९९५ मध्ये मुंबईत पक्षाचे महाअधिवेशन भरले. मार्चमध्ये महाराष्ट्रात युतीचे सरकार आले होते, गुजरातेत पक्षाने स्वबळावर सत्ता मिळवली होती, उत्साहाला उधाण होते. संघटनेवर अडवाणीजींची निर्विवाद पकड होती. त्यांनी स्वतःचे नाव पुढे येऊ दिले असते, तर विरोध करणारा आवाज मंडपात निघाला नसता. अशा वेळी अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी घोषणा केली की, पक्ष पुढील निवडणूक अटलबिहारी वाजपेयी यांना पंतप्रधानपदाचे उमेदवार मानून लढवील. या घोषणेपूर्वी त्यांनी कोणाशी सल्लामसलत केली नव्हती, असे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. अटलजींनाही ती अनपेक्षित होती.

या एका प्रसंगात आजच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. मवाळ नेत्याला उमेदवारी मिळाली ती कणखर नेत्याच्या हातून. मतदान झाले नाही, गट मोजले गेले नाहीत, कोणी हरले नाही. ज्याच्या निष्ठेविषयी अत्यंत कडव्या कार्यकर्त्यालाही संशय नव्हता, त्यानेच नाव उच्चारल्यामुळे संशयाला जागा राहिली नाही. हीच उमेदवारी एखाद्या बैठकीत तीन मतांच्या फरकाने मिळाली असती, तर निवडणुकीआधीच सुरत झाली असती.

उरलेले निम्मे उत्तर अटलजींच्या आयुष्यात आहे. ते बाहेरून आणलेले सभ्य गृहस्थ नव्हते. प्रचारक म्हणून त्यांनी तारुण्य दिले. ‘राष्ट्रधर्म’ आणि ‘पाञ्चजन्य’ यांचे संपादन त्यांनी केले. १९५१ मध्ये जनसंघ स्थापन झाला तेव्हापासून ते त्यात होते आणि डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी यांचे सहायक म्हणून त्यांनी काम केले होते. १९५७ मध्ये बलरामपूरहून ते लोकसभेत गेले. १९६८ मध्ये दीनदयाळजींच्या मृत्यूनंतर जनसंघाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. बलराज मधोक यांच्यासारख्या अधिक कडव्या नेत्याशी त्यांचे खटके उडाले, तेव्हाही संघटना मधोक यांच्यामागे गेली नाही. १९७३ मध्ये मधोक यांनाच पक्षाबाहेर जावे लागले. चार दशकांची ही पुंजी जमा असल्यामुळेच, अयोध्या आंदोलनापासून काहीसे अंतर राखणाऱ्या या नेत्याला परके म्हणण्याचे धाडस कोणाला झाले नाही. जो घरात वाढला आहे, त्याने वेगळा सूर लावला तर घर ऐकून घेते. काल आलेल्या पाहुण्याने तोच सूर लावला तर त्याला दार दाखवले जाते.

परिणाम दिसू लागला. १९९६ मध्ये पक्ष १६१ जागांवर गेला. सोलापुरातून लिंगराज वल्याळ लोकसभेत गेले ते याच निवडणुकीत. तरीही अटलजींचे पहिले सरकार तेरा दिवसांत पडले, कारण उमेदवार मवाळ असला तरी पक्षाविषयीची भीती इतर पक्षांच्या मनातून अद्याप गेली नव्हती. १९९८ मध्ये १८२ जागा आल्या, राष्ट्रीय लोकशाही आघाडी आकाराला आली. १७ एप्रिल १९९९ रोजी एका मताने सरकार पडले आणि त्याच वर्षी मतदाराने आघाडीला स्पष्ट बहुमत दिले.

किंमत कोणी मोजली?

हे यश फुकट मिळाले नाही. १९९८ च्या राष्ट्रीय कार्यक्रमपत्रिकेत राममंदिर, कलम ३७० आणि समान नागरी कायदा हे तिन्ही विषय नव्हते. १९९९ मध्ये तर पक्षाने स्वतंत्र जाहीरनामाही काढला नाही. आघाडीचाच जाहीरनामा तो आपला मानला. ज्यांनी या विषयांसाठी लाठ्या खाल्ल्या, कारागृहे पाहिली, घरदार बाजूला ठेवले, त्या कार्यकर्त्याला ‘आता थांबा’ असे सांगण्यात आले. मवाळ नेतृत्वाची किंमत नेता मोजत नाही; त्याला तर टाळ्या मिळतात. ती गावातला कार्यकर्ता मोजतो, कारण चावडीवर, चहाच्या टपरीवर लोक प्रश्न त्याला विचारतात.

१९९७ मध्ये ‘मुखवटा’ या शब्दावरून उठलेले वादळ याच अस्वस्थतेतून समजून घेतले पाहिजे. गोविंदाचार्य यांनी अटलजींना पक्षाचा मुखवटा म्हटल्याचे वृत्त आले. गोविंदाचार्यांनी ते नाकारले, पण शब्द टिकून राहिला. विरोधकांना तो सोयीचा होता, कारण मवाळ चेहऱ्यामागे दुसराच चेहरा आहे, असे त्यांना म्हणता आले. पक्षातील काहींनाही तो मनातल्या मनात सोयीचा वाटला, कारण चेहरा तात्पुरता आहे, असे त्यांना स्वतःला समजावता आले. दोघांच्याही हिशेबात अटलजी बसत नव्हते. ११ आणि १३ मे १९९८ रोजी पोखरणला अणुचाचण्या करणारा पंतप्रधान आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये बसने लाहोरला जाणारा पंतप्रधान एकच होता. काही महिन्यांतच कारगिल झाले, तेव्हाही तोच होता. संयम हा ज्याचा स्वभाव असतो, त्याला मुखवट्याची आवश्यकता नसते.

याच काळातील महाराष्ट्राचे उदाहरण जोडून पाहावे. १९९५ मध्ये युतीचे सरकार आले तेव्हा शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपदासाठी मनोहर जोशी यांची निवड केली. रस्त्यावरच्या आंदोलनांतून वाढलेल्या संघटनेने शिक्षकी पेशातून आलेल्या, तोलून-मापून बोलणाऱ्या ‘सरां’ना राज्याच्या शीर्षस्थानी बसवले आणि शिवसैनिकाने ते मुकाट्याने स्वीकारले, कारण आदेश ‘मातोश्री’वरून आला होता. १९९९ च्या प्रारंभी त्याच ठिकाणाहून दुसरा आदेश आला, जोशी सर पायउतार झाले आणि नारायण राणे मुख्यमंत्री झाले. एका हाताने दिलेली उमेदवारी त्याच हाताला परत घेता येते. मवाळ नेत्याला स्वतःचा जनाधार नसेल, तर त्याचे आसन नेहमी उसने असते. अटलजींना तो होता. देशभर त्यांना ऐकायला लोक आपणहून येत. जोशी सरांचा आधार संघटनेच्या आतलाच होता.

मुंबईची तिसरी भेट

२००४ मध्ये पक्ष १३८ जागांवर घसरला. त्यानंतर घडले ते अधिक बोधप्रद आहे. जून २००५ मध्ये अडवाणीजी पाकिस्तानात गेले आणि कराचीत त्यांनी जिनांविषयी जे उद्गार काढले, त्यांनी पक्षात आणि परिवारात भूकंप झाला. अध्यक्षपदाचा राजीनामा, तो मागे घेणे आणि अखेर वर्षअखेरीस पद सोडण्याची घोषणा, असा क्रम घडला. डिसेंबर २००५ मध्ये पक्षाचे रौप्यमहोत्सवी अधिवेशन मुंबईतच झाले. अटलजींनी निवडणुकीच्या राजकारणातून निवृत्ती जाहीर केली आणि पक्षाची धुरा राजनाथ सिंह यांच्याकडे गेली.

दहा वर्षांपूर्वी याच शहरात ज्यांनी दुसऱ्याला मवाळ नेता म्हणून उभे केले, त्यांना स्वतःला मवाळ होता आले नाही. कारण उघड आहे. अटलजींचा सौम्यपणा लोकांनी चाळीस वर्षे पाहिला होता. तो त्यांच्या शब्दांत आणि मौनातही होता. अडवाणीजींची प्रतिमा रथयात्रेने घडवली होती. त्या प्रतिमेवर प्रेम करणाऱ्याला नवे रूप विश्वासघातासारखे वाटले आणि त्या प्रतिमेला भिणाऱ्याचा नव्या रूपावर विश्वास बसला नाही. डिसेंबर २००७ मध्ये पक्षाने त्यांनाच पंतप्रधानपदाचे उमेदवार घोषित केले. २००९ मध्ये पक्ष ११६ जागांपर्यंत खाली आला. साठ वर्षे एका कार्याला दिलेल्या नेत्याची ही शोकांतिका आहे आणि तिच्याकडे सहानुभूतीनेच पाहिले पाहिजे.

सातासमुद्रापार

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील रिपब्लिकन पक्ष हा तेथील परंपरानिष्ठ मतांचा पक्ष. नावावरून आपल्याकडील रिपब्लिकन पक्ष डोळ्यांपुढे येईल, पण दोहोंचा संबंध नाही. १९३२ ते १९४८ या काळात हा पक्ष अध्यक्षपदाच्या लागोपाठ पाच निवडणुका हरला. १९५२ मध्ये पक्षातील परंपरावाद्यांचे लाडके नेते सिनेटर रॉबर्ट टॅफ्ट होते आणि मध्यममार्गी गटाने महायुद्धातील सेनापती आयझेनहॉवर यांना पुढे केले. शिकागोच्या अधिवेशनात पहिल्या मोजणीत आयझेनहॉवर यांना ५९५ आणि टॅफ्ट यांना ५०० मते पडली. विजयाला ६०४ हवी होती. मिनेसोटा राज्याने आपली मते फिरवली आणि आयझेनहॉवर जिंकले. टॅफ्ट यांचे अनुयायी संतापले होते, घर फुटण्याच्या बेतात होते. सप्टेंबरमध्ये आयझेनहॉवर यांनी न्यूयॉर्कमधील आपल्या निवासस्थानी टॅफ्ट यांची भेट घेतली, त्यांच्या मुख्य आग्रहांना मान्यता दिली आणि टॅफ्ट मनापासून प्रचारात उतरले. ४८ पैकी ३९ राज्ये पक्षाने जिंकली. ज्याला हरवले, त्याला सोबत घेण्याची ही सुबुद्धी नसती तर निकाल इतका एकतर्फी झाला असता का, याचा विचार करावा.

१९६४ मध्ये उलटे घडले. मध्यममार्गी नेल्सन रॉकफेलर यांना अधिवेशनात भाषण करतानाच हुर्यो ऐकावी लागली, उमेदवारी बॅरी गोल्डवॉटर यांना मिळाली आणि त्यांना ५० पैकी अवघी सहा राज्ये जिंकता आली. परंतु गोल्डवॉटर यांच्या पराभवातून जी फळी उभी राहिली, तिनेच १९८० मध्ये रोनाल्ड रेगन यांना अध्यक्षपदावर नेले, हेही विसरता कामा नये. तेथे आता उमेदवार ठरवतात ते राज्याराज्यांत प्राथमिक निवडणुकीत मत देणारे सामान्य समर्थक. तरी २००८ मध्ये जॉन मॅक्केन आणि २०१२ मध्ये मिट रॉम्नी यांना उमेदवारी मिळाली. दोघांविषयीही पक्षातील कडव्या मतदाराला शंका होत्या आणि दोघेही बराक ओबामा यांच्याकडून हरले. त्या पराभवांनंतर तेथील मतदाराने मवाळांना दारातूनच परत पाठवले. २०२४ मध्ये निक्की हेली यांना राजधानी वॉशिंग्टन आणि व्हरमाँट राज्य यांखेरीज काही मिळाले नाही.

यातून हाती लागणारे तत्त्व मुंबईच्या अनुभवाशी जुळते. अनेक पराभवांनी थकलेला पक्ष मवाळ उमेदवार स्वीकारतो. तो उमेदवार जिंकला तर त्याचे सारे दोष पोटात घातले जातात. तो हरला तर पुढच्या मवाळाचा मार्गही बंद होतो.

गोव्याने विचारलेला प्रश्न

एवढ्यावर थांबलो तर विवेचन एकांगी होईल. जून २०१३ मध्ये गोव्यात पणजी येथे राष्ट्रीय कार्यकारिणी भरली. अडवाणीजी गैरहजर होते. नरेंद्र मोदी यांच्याकडे प्रचाराची सूत्रे सोपवण्यात आली आणि १३ सप्टेंबरला ते पंतप्रधानपदाचे उमेदवार म्हणून घोषित झाले. मित्रपक्ष जातील, मते आटतील, मवाळ चेहऱ्याशिवाय दिल्ली गाठता येणार नाही, असे भाकीत पंडित करीत होते. नितीशकुमार खरोखरच बाहेर पडले. पण २०१४ मध्ये पक्षाला २८२ जागा मिळाल्या, २०१९ मध्ये ३०३. राष्ट्रीय विचाराच्या पक्षाला सत्तेसाठी मवाळ उमेदवार अपरिहार्य आहे, हा सिद्धान्त मतदारानेच खोडून काढला. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये कलम ३७० निष्प्रभ झाले, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अयोध्येत मंदिर उभे राहिले आणि २२ जानेवारी २०२४ रोजी तेथे प्राणप्रतिष्ठा झाली. १९९८ मध्ये बाजूला ठेवलेले विषय टाकून दिलेले नव्हते, असे समाधान जुना कार्यकर्ता मानू शकतो. ते मार्गी लागले ते स्वबळाच्या बहुमतानंतर, हेही तितकेच खरे.

मग १९९५ ची घोषणा व्यर्थ होती काय? तसे नाही. ज्या पक्षाशी बोलायला कोणी तयार नव्हते, तो पक्ष सहा वर्षे देशाचा कारभार चालवू शकतो, हे अटलजींनी दाखवले. २०१४ च्या मतदाराला भाजपचे केंद्रातील सरकार ही अपरिचित गोष्ट राहिली नव्हती. दार आधी उघडले होते, म्हणून पुढच्याला ते ढकलावे लागले नाही. आणि २०२४ मध्ये पक्ष २४० वर आल्यावर तेलुगू देशम आणि संयुक्त जनता दल यांच्या साह्याने सरकार बनवावे लागले, तेव्हा चार पक्षांना सोबत घेण्याची कला पुन्हा उपयोगी पडली. काळ बदलतो तशी पक्षाची गरज बदलते.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. कणखर पक्षात मवाळ नेता उमेदवारी मिळवू शकतो. त्यासाठी त्याची निष्ठा आयुष्यभराच्या कामाने सिद्ध झालेली असावी लागते. पक्षातील कणखर माणसांनी त्याला आपणहून पुढे करावे लागते. आणि आपण एका मर्यादेपाशी येऊन थांबलो आहोत, याची जाणीव पक्षाला व्हावी लागते. यांपैकी एकही गोष्ट नसेल, तर मवाळपणा हे केवळ भाषणाचे वळण ठरते आणि त्यावर उमेदवारी मिळत नाही. मिळाली तर टिकत नाही.

यात कार्यकर्त्यासाठीही एक सूचना आहे. आपल्यातील जो माणूस हळू बोलतो, विरोधकाच्या घरच्या लग्नाला जातो, निवडणूक संपली की भांडण विसरतो, त्याच्याकडे संशयाने पाहण्याची खोड प्रत्येक संघटनेत असते. तालुक्याच्या राजकारणातही ती दिसते. अशा माणसाला पारखताना त्याचा आवाज ऐकू नये, त्याची वर्षे मोजावीत. पडत्या काळात तो कोठे होता, हे विचारावे. १९८४ मध्ये दोन जागा आल्या तेव्हा अटलजी पराभूत होते आणि तरीही पक्षातच होते. अकरा वर्षांनंतर मुंबईत त्यांचे नाव घेणाऱ्या अडवाणीजींना तेवढी साक्ष पुरेशी वाटली.